चुन्याची डबी आणि हवेची उसनवारी

पान खाणाऱ्या घरात चुन्याच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की ओरडा ठरलेला. चुन्यावर कडक पापुद्रा धरतो, बोटाला खरखर लागते, पानावर तो नीट पसरत नाही. ‘चुना वाळला’ असं आपण म्हणतो. पाणी उडालं हे खरंच, पण डबीत त्याहून मोठी गोष्ट घडलेली असते. चुन्याने घरातल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला आणि त्याचा पुन्हा दगड झाला.

पुन्हा, कारण तो मुळात दगडच होता. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि हाती ५६ किलो कळीचा चुना उरतो. मुंबईतल्या चुनाभट्टीचं नाव अशाच भट्ट्यांवरून पडलं. किनारपट्टीवर दगडाऐवजी शिंपले भाजत. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो रटरटतो, फुटतो, विरतो. मग त्याची सफेदी भिंतीवर चढते आणि त्याच दिवसापासून भिंत हवेकडून आपलं येणं वसूल करायला लागते. दिवाळीआधी चुना दिलेली भिंत संक्रांतीपर्यंत बरीचशी चुनखडी झालेली असते. त्या चुनखडीतला कार्बन कुठून आला? शेजारच्या चुलीतून, रस्त्यावरच्या बसच्या धुरातून, तुमच्या झोपेतल्या श्वासातून. कुठूनही.

निसर्गाचा सगळा संसार असा उसनवारीवर चालतो. पृथ्वीवर कार्बनचा, नायट्रोजनचा, फॉस्फरसचा नवा माल जवळपास येतच नाही. आहे तोच हातोहात फिरतो. फरक असतो तो मुदतीचा. कुणी श्वासापुरता घेतो, कुणी सागवानासारखा शंभर वर्षं ठेवून घेतो, तर कुणी कोटी कोटी वर्षं परतच करत नाही. या मुदतींच्या गोष्टी मला फार आवडतात. त्यातल्या काही पुढे.

झाड हवेतून येतं

सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट या वैद्याने एका कुंडीत २०० पौंड सुकवलेली माती भरली आणि तीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं. विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाचा भाऊबंद. पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. मग झाड उपटून तोललं, तर १६९ पौंड आणि वर काही औंस! माती पुन्हा सुकवून तोलली, तर जेमतेम दोन औंस कमी. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं.

गंमत अशी, की ‘गॅस’ हा शब्द जगाला देणारा माणूस हाच. ६२ पौंड कोळसा जाळून राख एकच पौंड उरली, तेव्हा उरलेलं जे अदृश्य होऊन गेलं त्याला त्याने हे नाव दिलं. तो वायू म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. म्हणजे झाडाचं खरं खाद्य त्याने स्वतः ओळखलं होतं, त्याला नावही दिलं होतं. पण कोळशाचा धूर आणि कुंडीतलं झाड हे एकमेकांचे नातलग आहेत हे उमगायला अजून शतकभर वाट पाहावी लागली. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो. तुमच्या घरातला शिसवी पाट ही घट्ट झालेली हवा आहे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

वजन उतरतं ते नाकातून

दहा किलो चरबी घटवली, तर ती गेली कुठे? घामातून, असं बहुतेकांना वाटतं. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या रूबेन मीअरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ मध्ये हा हिशेब अणू मोजून मांडला. दहा किलोंपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांतून बाहेर पडतात आणि उरलेले १.६ किलो पाणी होतात. सकाळी टेकडी चढून आलेला माणूस काल खाल्लेला शिरा टेकडीवरच्या झाडांना देऊन आलेला असतो.

आणि आपण आत घेतलेल्या ऑक्सिजनचं काय होतं? पेशीच्या आत त्याचं पाणी होतं. झाडाकडे नेमकी उलटी गोष्ट: झाड पाणी फोडतं आणि त्यातला ऑक्सिजन बाहेर सोडतं. १९४१ मध्ये सॅम रूबेन आणि मार्टिन केमन यांनी जड ऑक्सिजनची खूण घालून ते दाखवून दिलं. त्याआधी बरेच जण समजत होते, की हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून सुटतो.

पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो हे मात्र मनातून काढून टाका. पाणी फोडायला उजेड लागतो. अंधारात पिंपळही आपल्यासारखाच श्वास घेतो. त्याच्या पारावर बसायला दुसरी पुष्कळ कारणं आहेत.

भुईमुगाच्या मुळावरचा गुलाबी मणी

आता ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, तो नायट्रोजन. हवेत तो ७८ टक्के. प्रत्येक श्वासाबरोबर आत येतो आणि जसाच्या तसा परत जातो; आपल्याला त्यातला कणही घेता येत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी मिठी मारून बसलेले असतात. विजेचा लोळ ती मिठी सोडवतो. वळवाच्या पावसाबरोबर थोडं नायट्रेट जमिनीत उतरतं ते त्यामुळे. पण खरं काम जमिनीखाली चालतं.

भुईमूग उपटला की मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतात. एखादी नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर समजा, कारखाना चालू आहे. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या सख्ख्या नात्यातल्या रेणूचा. गाठीत रायझोबियम जिवाणू राहतात. नायट्रोजन फोडणाऱ्या त्यांच्या यंत्रणेला मोकळा ऑक्सिजन सोसत नाही, पण जिवाणूला श्वास तर हवाच. म्हणून हा लाल रेणू ऑक्सिजन मोजूनमापून पुरवत राहतो. शेंगदाण्याच्या झाडाच्या पोटात रक्ताचा नातलग काम करतोय, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खरोखर थांबून गेलो होतो. आणि झाड त्या जिवाणूंना काय देतं? साखर. हवेतून बनवलेली.

डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८८ मध्ये हा जिवाणू वेगळा काढला. आपल्याकडच्या शेतकऱ्याला जिवाणू ठाऊक नव्हता, पण त्याचं काम ठाऊक होतं, आणि त्याच्याकडे त्यासाठी शब्दही होता: बेवड. आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी मागे ठेवलेला गुण म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, तुरीचा बेवड चांगला, हे शेजारच्या बांधावर आजही ऐकू येतं. तूर तर पिकता पिकता पानंही खाली टाकते. दाण्याबरोबर बराच नायट्रोजन घरी येतो हे खरं, पण मुळं आणि पालापाचोळा जे ठेवून जातात त्यावर पुढचं पीक उभं राहतं.

मेंढ्या बसवणं हीदेखील नायट्रोजनची वाहतूकच. धनगरांचा कळप दिवसभर माळावर, पडीक रानात, बांधावर चरतो आणि रात्री एका शेतात बसतो. दहा ठिकाणचं गवत चार पायांवरून चालत येऊन एका वावरात लेंडीखत होतं. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याने त्याबदल्यात धान्य किंवा पैसे दिले, ते उगाच नव्हे.

कोकणातला राब मात्र वेगळा सौदा. भाताची रोपं टाकायच्या जागेवर कवळ, पालापाचोळा, शेण पसरून उन्हाळ्यात भाजतात. यात कार्बन आणि बराचसा नायट्रोजन धुराबरोबर उडून जातो. राखेत मागे राहतात पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस. एका हाताने हवेला परतफेड, दुसऱ्या हाताने रोपाला उसनं.

मग आला फ्रिट्झ हाबर. १९०९ मध्ये त्याने प्रचंड दाबाखाली हवेतल्या नायट्रोजनची हायड्रोजनशी गाठ घालून अमोनिया थेंबाथेंबाने गाळून दाखवला. कार्ल बॉशने त्याचा कारखाना केला. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथे तो सुरू झाला. आज माणसांच्या शरीरातल्या नायट्रोजनपैकी साधारण निम्मा या वाटेने आलेला आहे. गाठीतला जिवाणू जे काम मातीच्या गारव्यात करतो, त्याला कारखान्यात चारशे-पाचशे अंशांची धग आणि शेकडो पट दाब लागतो.

अलिबागजवळ थळला नैसर्गिक वायूपासून युरिया बनतो. वायूतला हायड्रोजन अमोनियात जातो, वायूतल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि मग दोघांना जोडून युरिया. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवांचा कार्बन पांढऱ्या दाण्यांत बसून भाताच्या खाचरात उतरतो आणि दाणा विरघळून फुटला की मोकळा होऊन हवेत जातो. इतकी लांब मुदत एका पावसात संपते. ४५ किलोंच्या गोणीत नायट्रोजन सुमारे २१ किलो. ओलसर जमिनीवर नुसता फेकला तर त्यातला मोठा वाटा अमोनिया होऊन उडतो, आणि तुंबलेल्या पाण्यात काही नायट्रस ऑक्साइड होतो, जो तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनामागे सुमारे २७० पट जबर. युरिया मातीआड करा, हप्त्यांत विभागून द्या, हे कृषी सहायक सांगतात ते यासाठी. त्यांचं ऐकायला हवं, एवढं तळमळीने सांगावंसं वाटतं.

ज्याला पंख नाहीत

फॉस्फरसला हवेतून उडता येत नाही. त्याचा वायूच होत नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे त्याला कुणीतरी वाहून न्यावं लागतं. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांडने सोनं करण्याच्या नादात बादल्यांनी मूत्र आटवलं आणि अंधारात चमकणारा फॉस्फरस हाती लागला. माणूसही फॉस्फरसचा हमालच, त्याचा हा पहिला पुरावा.

पेरूच्या किनाऱ्याजवळच्या चिंचा बेटांवर पक्ष्यांनी ही हमाली शतकानुशतकं केली. खोल समुद्रातून वर येणारं थंड पाणी, त्यावर वाढणारे मासे, मासे खाणारे पाणकावळे नि पेलिकन, आणि धुऊन न्यायला पाऊसच नाही! विष्ठेचे डोंगर साचले. एकोणिसाव्या शतकात हे ‘ग्वानो’ खत इतकं मोलाचं ठरलं, की १८५६ मध्ये अमेरिकेने अशी बेटं बळकावण्याची मुभा देणारा कायदा केला आणि १८६४ मध्ये स्पेनने चिंचा बेटं ताब्यात घेऊन लढाई ओढवून घेतली.

याहून मोठी हमाली वाऱ्याची. आफ्रिकेत चाड देशातल्या बोडेलेच्या खोलगट भागात एके काळी विशाल तळं होतं. ते आटलं, तळाचा गाळ उघडा पडला आणि वारा तो अटलांटिकपार नेऊ लागला. उपग्रहांच्या मोजणीवरून २०१५ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं, की सहाराच्या धुळीबरोबर दरवर्षी सुमारे २२ हजार टन फॉस्फरस ॲमेझॉनच्या जंगलावर पडतो. पाऊसपाण्याने तिथून जवळजवळ तेवढाच वाहून जातो. मेलेल्या तळ्याच्या गाळावर दुसऱ्या खंडातलं सगळ्यात हिरवं रान पोसलं जातंय.

आपल्या हाडांतही मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटच. दहनात कार्बन आणि नायट्रोजन हवेत जातात. अस्थींच्या कलशात उरतो तो हा ऐवज. नदी तो पुढे समुद्राकडे नेते.

दर्याचा पावसाळा

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र ढवळून निघतो. सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला आणि आपल्याकडे केरळ-कर्नाटकच्या बाजूला खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, सूक्ष्म वनस्पतींना बहर येतो आणि त्यावर तारली-बांगडा पोसतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या दर्यात जातात तेव्हा जाळ्यात येणाऱ्या माशात तळातून वर आलेला फॉस्फरस असतो. जगातला सुमारे निम्मा ऑक्सिजन अशाच सूक्ष्म जिवांकडून तयार होतो.

मग लोखंड टाकून हा बहर मुद्दाम वाढवता येईल का? ज्या समुद्रात लोह कमी, तिथे ते शिंपडायचं. वनस्पती वाढतील, मरून तळाला जातील, कार्बन घेऊन जातील. २००९ मध्ये गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर दक्षिण महासागरात हे करून पाहिलं. प्रयोगाचं नावच ‘लोहाफेक्स’, आपल्या ‘लोहा’वरून. बहर आला, पण छोट्या कवचधारी प्राण्यांनी तो चरून टाकला आणि फारच थोडा कार्बन खाली गेला. तिथे सिलिकॉन कमी होतं; काचेच्या कवचाच्या डायटम या सूक्ष्म वनस्पती वाढू शकल्या नाहीत. एक मसाला कमी पडला आणि सगळी भाजी फसली.

लासलगावचं गंधक

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणतो तो गंधकाचा एक वायू. हे गंधक कांद्याने जमिनीतून शोषलेलं. म्हणून कांदा उत्पादक पिकाला गंधक देतात. जमिनीत ते येतं खडकातून, शेणखतातून आणि आकाशातूनही. समुद्राचा जो खास वास आपल्याला येतो, त्यातला मोठा भाग सूक्ष्म वनस्पतींपासून सुटणाऱ्या गंधकयुक्त वायूचा. त्याचेच कण होतात, त्यांवर ढग धरतात, पाऊस पडतो.

युरोपात एक अजब घडलं. कारखान्यांच्या धुरातलं गंधक कायद्याने कमी केलं, हवा स्वच्छ झाली, आम्लपाऊस घटला, आणि शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की मोहरीवर्गातल्या पिकांना आता गंधक विकत आणून घालावं लागतंय. इतकी वर्षं ते धुराड्यांतून फुकट येत होतं.

एकाच जिल्ह्यात दोन तिजोऱ्या

सगळ्यात लांब मुदतीची ठेव दगडात. हवेत आहे त्याच्या चाळीसपटींहून जास्त कार्बन समुद्रात आणि त्याच्याही कैक पट खडकांत. महाराष्ट्रात ती पाहायची तर चंद्रपूरला जावं. तिथे कोळसा आहे, २५ कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा. आणि कोरपना-राजुऱ्याकडे चुनखडी आहे, डायनोसॉर जन्मण्याच्या कितीतरी आधीची. कोळसा वीजकेंद्रात जातो, चुनखडी सिमेंटच्या भट्टीत. सिमेंटच्या भट्टीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा निम्म्याहून जास्त भाग इंधनाचा नसून खुद्द दगडाचा असतो. तोच शंभरातल्या ४४ किलोंचा हिशेब.

हवेने केलेल्या या वसुलीचा आकडा हवाईच्या मौना लोआवर लागतो. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये तिथे मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आता ४२० च्या पुढे. त्याच आलेखात दरवर्षी एक नागमोडी लाटही दिसते: मे महिन्यात वर, सप्टेंबर-ऑक्टोबरात खाली. उत्तर गोलार्धाच्या रानांना पालवी फुटते, ती हवेतला कार्बन ओढते. पानगळ होते, तो परत येतो. सगळी पृथ्वी वर्षाला एक श्वास घेताना त्या कागदावर दिसते.

वसुली दगडही करतो, पण त्याच्या चालीने. ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला आणि त्याने हवेत अमाप कार्बन डायऑक्साइड ओकला. तेव्हापासून तोच काळा कातळ पावसातल्या सौम्य आम्लाने झिजत तो परत घेतोय. कातळातलं कॅल्शियम सुटतं, हवेतल्या कार्बनशी जोडलं जातं, कृष्णा-गोदावरी ते वाहून नेतात. काही रानातच अडकतं: काळ्या जमिनीत नांगराला लागणारे पांढरे खडे, म्हणजे चुनखडी. विदर्भातला संत्रा बागायतदार तिच्यावर वैतागतो, कारण तशा जमिनीत मुळांना लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. त्या त्रासदायक खड्यांत हवेतून उतरवलेला कार्बन कैद आहे. आइसलँडमध्ये हेच काम घाईने करवून घेतलं: कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून बेसॉल्टच्या पोटात सोडला, आणि २०१६ मध्ये जाहीर झालं की दोन वर्षांच्या आत त्यातल्या ९५ टक्क्यांचा दगड झाला.

घरी हे बघायचं तर पुन्हा चुन्याची डबी काढा. नखभर चुना पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. वरची निवळी अलगद दुसऱ्या पेल्यात ओता. त्यात नळीने हळूहळू फुंकर घाला. पाणी तोंडात ओढू नका, मुलं करत असतील तर जवळ बसा. निवळी दुधाळ होते. तुमच्या श्वासातल्या कार्बनची ती चुनखडी. निवळी पुरेशी पातळ असेल आणि फुंकत राहिलात, तर थोड्या वेळाने दुधाळपणा जाऊन पाणी पुन्हा नितळ होतं: आता ती चुनखडी विरघळली, नद्यांतून समुद्राकडे जाते तशी. हेच नितळ पाणी उकळा. ते परत गढूळ होईल आणि भांड्याच्या तळाला पांढरा थर बसेल, बोअरचं पाणी तापवणाऱ्या बंबात बसतो तसाच.